किती घेऊन बसायचं, किती टेबलांवर?

ऑनलाइन पोकरचा वाढदिवस १ जानेवारी १९९८. त्या दिवशी प्लॅनेट पोकर नावाच्या साइटवर पहिल्यांदा खऱ्या पैशांचे डाव सुरू झाले. डायलअपचा जमाना. मध्येच घरातल्या कुणी फोन उचलला की कनेक्शन तुटायचं आणि डाव लटकायचा. तरी लोक खेळायचे. पण त्या दिवसाने खरी जी गोष्ट बदलली, ती वेगळीच. पत्ते कुटणाऱ्या माणसाला शेकडो वर्षं एक नैसर्गिक मर्यादा होती: बूड एक, म्हणून खुर्ची एक. संगणकाने ती काढून टाकली. आता एक माणूस दोन टेबलांवर बसू शकत होता, मग चार, मग चोवीस.

आणि मग प्रत्येक खेळाडूपुढे दोन प्रश्न उभे राहिले. किती पैसे घेऊन बसायचं? आणि किती टेबलांवर बसायचं? दिसायला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गेल्या दोन वीकांतांना हापिसच्या लॅपटॉपवर (शनिवारी, बरं का) एक्सेल उघडून बसलो, तेव्हा लक्षात आलं की हे एकाच समीकरणाचे दोन चल आहेत. पंचवीसेक वर्षांत या समीकरणापायी काय काय झालं, त्याची ही गोष्ट.

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः पैसे लावून खेळत नाही. माझी मजल गणपतीच्या जागरणात मेंढीकोट एवढीच. पण इंजिनिअरिंगला प्रोबॅबिलिटीत जे नुसतं पाठ केलं होतं, ते इथे माणसांचे पगार, घरं आणि झोप ठरवताना दिसतं. म्हणून रस.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तीन पत्तीत जसा 'बूट' असतो, तसे इथे दोन खेळाडूंना पत्ते पाहण्याआधी पैसे टाकावे लागतात, एकाला थोडे आणि दुसऱ्याला जास्त. जास्तीची रक्कम म्हणजे 'बिग ब्लाइंड'. सगळे हिशेब याच एककात चालतात. टेबलावर बसताना जेवढ्या चिप्स विकत घेता तो 'बायइन', आणि नेहमीचा पूर्ण बायइन म्हणजे १०० बिग ब्लाइंड. एक नियम फार महत्त्वाचा: डाव चालू असताना फक्त टेबलावर असलेले पैसेच लावता येतात. सिनेमात दाखवतात तशी मध्येच मनगटावरचं घड्याळ नि घराचे कागद टाकायची सोय नाही. त्यामुळे बायइन किती घ्यायचा हा निर्णय म्हणजे एका डावात जास्तीत जास्त किती हरायची तयारी आहे, हा निर्णय. अर्थात हा नियम एका डावापुरताच वाचवतो. डाव संपला की पुन्हा खिशात हात घालायला कुणी अडवत नाही. युधिष्ठिराचं नेमकं तेच झालं.

अवांतर: प्लॅनेट पोकर वापरत असलेल्या सॉफ्टवेअरचा १९९९ मधला किस्सा प्रत्येक प्रोग्रामरने वाचावा असा आहे. लोकांचा विश्वास बसावा म्हणून कंपनीने पत्ते पिसण्याचा कोड उघड प्रसिद्ध केला. काही अभियंत्यांनी तो वाचला आणि हसू लागले. बावन्न पत्त्यांचे क्रम बावन्न फॅक्टोरियल एवढे, म्हणजे अडुसष्ट आकडी संख्या. पण हा कोड सीड म्हणून मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद घ्यायचा. दिवसात मिलिसेकंद फक्त ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की शक्यता उरायच्या दोनेक लाख. टेबलावर पाच पत्ते दिसले की उरलेले सगळे पत्ते कुणाकडे काय आहेत ते सांगता यायचं. त्यांनी ते करून दाखवलं आणि बातमी केली, लुटालूट केली नाही. असो.

२००३ पर्यंत हा सगळा हौशी लोकांचा मामला होता. त्या वर्षी ख्रिस मनीमेकर (होय, खरं आडनाव) नावाच्या टेनेसीतल्या अकाउंटंटने पोकरस्टार्सवर ८६ डॉलरच्या स्पर्धेतून लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचं तिकीट मिळवलं. त्या तिकिटाची किंमत दहा हजार डॉलर. आणि हा बाबा ती स्पर्धाच जिंकून बसला, पंचवीस लाख डॉलर. तेव्हा मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. पुढच्या वर्षी २५७६, त्यापुढे ५६१९, आणि २००६ मध्ये ८७७३. मूरचा नियम इथेही लागू झाला म्हणायचा.

या लाटेत सगळ्यात जास्त कमावलं पार्टीपोकरने, आणि इथे आपला माणूस येतो. पार्टीपोकरची सॉफ्टवेअर बांधणी केली अनुराग दीक्षित या आयआयटी दिल्लीच्या अभियंत्याने. कंपनीचं मोठं काम हैदराबादेत चालायचं. जून २००५ मध्ये पार्टीगेमिंगचा शेअर लंडनच्या बाजारात आला तेव्हा तिची किंमत चार अब्ज पौंडांहून जास्त होती, म्हणजे कागदावर ब्रिटिश एअरवेजपेक्षा मोठी. विमानं एकही नाही, नुसते सर्व्हर. मग सप्टेंबर २००६ च्या शेवटी अमेरिकी संसदेने इंटरनेट जुगाराचे पैसे बँकांतून वळते करण्यावर बंदी आणली. बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला हे शेपूट जोडून दिलं होतं! १३ ऑक्टोबरला बुश यांची सही झाली. बातमी आल्यावर एका दिवसात शेअर निम्म्याहून खाली. दीक्षित यांनी डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि तीस कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. पुढे शिक्षा झाली ती एक वर्षाची प्रोबेशन, तुरुंगवास नाही.

आता मूळ मुद्दा.

कॅसिनोत एका टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. चिप्स मोजायच्या, पत्ते पिसायचे, कुणीतरी विचार करत बसतो, कुणाला चहा हवा असतो. ऑनलाइन सहा जणांच्या टेबलावर सत्तरेक डाव सहज. चोवीस टेबलं उघडली (पोकरस्टार्सवर बराच काळ तेवढी मुभा होती) तर ताशी सोळाशे-सतराशे. म्हणजे जुन्या काळचा खेळाडू चाळीस हजार डाव खेळायला वर्ष घालवायचा, ते चोवीस टेबलवाला एका दिवसात उरकू शकतो. झोपला नाही तर.

यात वाईट काय? पोकरमध्ये चांगला खेळाडूही दर शंभर डावांमागे पाचेक बिग ब्लाइंड जिंकतो. पण त्याच शंभर डावांतला चढउतार, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, नव्वदच्या आसपास असतो. पाच आणि नव्वद! आपल्या हापिसात अशी मेजरमेंट कुणी आणली तर क्यूएवाला दारातूनच परत पाठवेल. एवढ्या गोंगाटात तो पाचाचा सूर ऐकू यायला प्रचंड डाव खेळावे लागतात, आणि तिथवर पोचेपर्यंत खिशातले पैसे टिकावे लागतात.

हा दुसरा भाग ज्याने नीट मांडला तो पोकरवाला नव्हताच. १९५६ मध्ये बेल लॅब्जमधल्या जॉन केलीने एक पेपर लिहिला. शॅननचं चॅनल कपॅसिटीचं सूत्र आपण सगळ्यांनी घोकलंय. केलीने दाखवलं की एखाद्या जुगाऱ्याला गोंगाट असलेल्या तारेवरून आतल्या टिपा मिळत असतील, तर त्याच्या भांडवलाची कमाल वाढ त्या तारेच्या माहितीच्या दराएवढीच असते. दूरध्वनीचं गणित जुगारात चपखल बसलं. त्यातून निघालेला नियम सोपा आहे: जेवढी तुमची खरी सरशी, त्या प्रमाणातच भांडवलाचा हिस्सा लावा. नाणं ५५ टक्के वेळा तुमच्या बाजूने पडत असेल आणि एकास एक भाव असेल, तर दर वेळी दहा टक्के लावा. मजा पुढे आहे. निम्मं, म्हणजे पाच टक्के लावले तर वाढ तीन चतुर्थांश मिळते आणि धक्के निम्मे होतात. दुप्पट, म्हणजे वीस टक्के लावले तर वाढ जवळपास शून्य. नाणं तुमच्या बाजूचं, तुम्ही हुशार, आणि तरी वर्षानुवर्षं जागच्या जागी. त्याहून जास्त लावलेत तर हळूहळू खड्ड्यात. एडवर्ड थॉर्पने हाच नियम ब्लॅकजॅकच्या टेबलावर नेला आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

पोकरमध्ये दर डावाला किती लावायचं हे परिस्थिती ठरवते, त्यामुळे केलीचा नियम टेबल निवडताना वापरावा लागतो: खिशात किती बायइन असले म्हणजे त्या टेबलावर बसावं? नव्वदचा वर्ग भागिले सरशी, एवढं साधं उत्तर येतं. सरशी पाचाची असेल तर १६२० बिग ब्लाइंड, म्हणजे सोळा बायइन. सरशी दोनाची असेल तर चाळीस.

आणि इथेच टेबलांची संख्या गुपचूप आत शिरते. एका टेबलावर बसलात तर समोरचा कोण, मघाशी काय केलं, आत्ता का थांबला, हे दिसतं. आठ टेबलं उघडलीत की फक्त पत्ते दिसतात. त्यामुळे दर शंभर डावांमागची सरशी घटते. पण ताशी कमाई वाढते! समजा एका टेबलावर पाचाची सरशी, ताशी ७५ डाव: तासाला पावणेचार बिग ब्लाइंड. बारा टेबलांवर सरशी दोनावर आली, पण ताशी ९०० डाव: तासाला अठरा. जवळजवळ पाचपट पगार. कोण नाही म्हणेल? फक्त त्या पगाराबरोबर लागणारं भांडवल सोळा बायइनवरून चाळीसवर गेलं, हे पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं नसतं.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. त्याला बंड्या म्हणू. हिंजवडीत आम्ही एकाच मजल्यावर होतो. २०२१ मध्ये वर्क फ्रॉम होमच्या काळात तो रात्री चार टेबलांवर खेळायचा, ५० रुपयांचा बिग ब्लाइंड, ५००० चा बायइन. पाच महिन्यांत चाळीस हजार डाव आणि लाखभर रुपयांचा नफा. सगळं एक्सेलमध्ये टिपलेलं, कोडपेक्षा नीट. मग त्याने गुणाकार केला: सहा टेबलं, रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस. दोन लाखांच्या वर जात होतं, पगाराच्या दुप्पट. मला विचारायला आला, "नोकरी सोडू का?"

एखाद्याच्या आयुष्याचा प्रश्न असा स्प्रेडशीटमध्ये आला की पोटात जरा गोळा येतो. त्याचे वडील सोलापूरला, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मी एक रात्र मागून घेतली आणि गणित केलं.

पहिलं, चाळीस हजार डाव फार कमी. जो माणूस ना जिंकतो ना हरतो असा अगदी काठावरचा आहे, त्यालाही निव्वळ नशिबाने एवढा नफा सात-आठ जणांत एकाला होतोच. दुसरं, त्याच्याकडे दीड लाख होते, म्हणजे तीस बायइन. सरशी खरोखर पाचाची असेल तर कधीतरी सगळे पैसे जाण्याची शक्यता अडीच टक्के. उत्तम. पण सहा टेबलांवर ती दोनावर आली तर २३ टक्के. आणि तिसरं, जे पोकरच्या पुस्तकांत बहुधा तळाशी एका वाक्यात उरकलेलं असतं: नोकरी सोडली की भाडं, डबा, हप्ते याच पैशांतून जाणार. महिन्याला पन्नास हजार धरले तर ते दर शंभर डावांमागे सव्वा बिग ब्लाइंडच्या आसपास बसतात. ते वजा करून शक्यता काढली तर पंचावन्न टक्के. सारी बिघाडी घरभाड्याने केली! नाणं उडवल्यासारखंच झालं हे.

बंड्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "तुझं सिग्मा बरोबर आहे रे, पण तू टेबलावर बसलेला नाहीस. मला समोरचा कळतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण समोरचा कळतो का नाही हे सांगणारा आकडा अजून जमलाच नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये त्याने राजीनामा दिला.

दीड वर्षात तो दहा लाख डाव खेळला. आणि जिंकला. सरशी शंभर डावांमागे १.१. साडेपाच लाख रुपये. त्याच दीड वर्षाचा खर्च नऊ लाख. दीड लाखाचं भांडवल आणि बचतीतले दोन लाख त्यात गेले, आणि तो परत नोकरीला लागला. आम्ही बाणेरला मिसळ खायला बसलो तेव्हा मी त्याला म्हटलं, दहा लाख डावांनंतरसुद्धा तुझ्या सरशीतली चूक अधिक-उणे ०.९ आहे. तुझी खरी सरशी दोन असू शकते आणि ०.२ सुद्धा. तो मिसळीत पाव बुडवत म्हणाला, "म्हणजे दीड वर्षानंतरही मला कळलं नाही की मी चांगला खेळतो का?" नाही कळलं. तर्रीमुळे असेल, दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं.

पुन्हा इतिहासाकडे. बायइन आणि टेबलं यांचं लग्न लावणारी सगळ्यात चलाख जमात म्हणजे 'शॉर्ट-स्टॅकर'. साइटवर किमान बायइन बराच काळ २० बिग ब्लाइंड असायचा. सगळे शंभर घेऊन बसलेले असताना हे वीस घेऊन बसायचे. एवढ्या कमी पैशांत पोकर फार सोपं होतं: चांगले पत्ते आले तर सगळं लावा, नाहीतर टाकून द्या. नंतरचे अवघड निर्णय उरतच नाहीत. एड मिलर या लेखकाने २००५ मध्ये नवशिक्यांना हीच पद्धत शिकवली होती, शिकाऊ माणसाने कमी पैशांत कमी चुका कराव्यात म्हणून. पण लोकांनी तिचा कारखाना केला. निर्णय सोपा, म्हणून टेबलं चोवीस. रक्कम दुप्पट झाली की उठायचं आणि दुसरीकडे पुन्हा वीस घेऊन बसायचं. मोठ्या रकमेवाल्यांचा नुसता संताप. मला मात्र यात एक सुबक इंजिनिअरिंग दिसतं: समस्याच एवढी लहान करा की ती लूपमध्ये चालवता येईल. २०१० मध्ये पोकरस्टार्सने टेबलांची वर्गवारी करून टाकली, २० ते ५० वाले वेगळे आणि ४० ते १०० वाले वेगळे, तेव्हा हा धंदा बराच थंडावला.

शिस्तीचा आदर्श म्हणून ज्याचं नाव घेतलं जायचं तो म्हणजे ख्रिस फर्ग्युसन. यूसीएलएमधून संगणकशास्त्रात पीएचडी, वडील गणिताचे प्राध्यापक आणि गेम थिअरीचे जाणकार. स्वतः २०००चा जगज्जेता. खांद्याखाली रुळणारे केस, वर मोठी हॅट. २००६ मध्ये त्याने फुल टिल्ट या साइटवर शून्य डॉलरपासून दहा हजार करून दाखवायचा विडा उचलला. नियम असे: खात्यातल्या पैशांच्या पाच टक्क्यांहून जास्त कधी टेबलावर न्यायचे नाहीत, मोठ्या स्पर्धेला दोन टक्क्यांहून जास्त नाही. टेबलावरची रक्कम एकूण पैशांच्या दहा टक्क्यांवर गेली की जिंकत असतानाही उठायचं. (अगदी चिल्लर रकमांना सूट, नाहीतर शून्यापासून सुरुवातच होणार नाही.) फुकटच्या स्पर्धा खेळत पहिले साडेसहा डॉलर जमायला सात महिने लागले. सात महिने! जगज्जेत्याला! पण पुढे दहा हजारांचा टप्पा पार झाला. पाच टक्के म्हणजे वीस बायइन, केलीच्या गणिताशी बरंच जुळतं. बंड्याच्या भिंतीवर हे नियम चिकटवलेले होते.

त्याच साइटवर, त्याच काळात याच्या नेमका उलटा माणूस आला. २००९ च्या हिवाळ्यात इसिल्दुर१ या टोपणनावाने कुणीतरी जगातल्या सगळ्यात मोठ्या टेबलांवर बसू लागला. टॉम ड्वान, पॅट्रिक अँटोनियस, फिल आयव्ही, कुणालाही नाही म्हणायचं नाही, आणि तेही एका वेळी अनेक टेबलांवर. २१ नोव्हेंबरला अँटोनियसबरोबरचा एकच डाव साडेतेरा लाख डॉलरच्या वर गेला, अँटोनियस जिंकला. ८ डिसेंबरला ब्रायन हेस्टिंग्जविरुद्ध पाचेक तासांत हा सुमारे बेचाळीस लाख डॉलर हरला. नंतर कळलं की हेस्टिंग्जच्या गटाने इसिल्दुरच्या हजारो डावांचा डेटाबेस बसून अभ्यासला होता. म्हणजे जितकी टेबलं जास्त, तितका तुमच्याबद्दलचा डेटा समोरच्याकडे जास्त. जानेवारी २०११ मध्ये चेहरा समोर आला: व्हिक्टर ब्लोम, विशीतला स्वीडिश पोरगा.

मग १५ एप्रिल २०११. पोकरवाले त्याला 'काळा शुक्रवार' म्हणतात. अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूट पोकर यांच्यावर खटले भरले. आणि फुल टिल्टचं पोतं फुटलं. मार्च २०११ अखेर कंपनी खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती, बँकेत होते सुमारे सहा कोटी. सप्टेंबरमध्ये सरकारी वकील प्रीत भरारा यांनी ही जागतिक पाँझी योजना असल्याचं म्हटलं. संचालक म्हणून दिवाणी दाव्यात ज्यांची नावं आली, त्यांत ख्रिस फर्ग्युसनही होता. त्याचा दावा पुढे गैरकृत्य मान्य न करता तडजोडीने मिटला. पाच टक्क्यांचा नियम इमानेइतबारे पाळणाऱ्या पोरांचे शंभर टक्के पैसे साइटवर अडकले. खेळाडूच्या भांडवलाचं एवढं सूक्ष्म गणित, आणि साइटच्या भांडवलाचं गणित कुणी मागितलंच नव्हतं. २०१२ मध्ये पोकरस्टार्सने ७३ कोटी डॉलरच्या तडजोडीत फुल टिल्ट विकत घेतली, तेव्हा कुठे पैसे परत मिळायची वाट मोकळी झाली.

त्याच २०१२ च्या जानेवारीत बहामामध्ये रँडी ल्यूने गिनीज विक्रम केला: आठ तासांत २३,४९३ डाव. म्हणजे सव्वा सेकंदाला एक. एका वेळी चाळीस टेबलं. कॅसिनोतल्या गतीने याला रोज आठ तास बसून तीन महिन्यांहून जास्त लागले असते. विक्रमाची अट होती की शेवटी नफ्यात असायला हवं. नफा झाला सात डॉलर पासष्ट सेंट.

हा आकडा मला हसवतो आणि मग विचारात टाकतो, कारण त्या काळात हजारो लोक नेमकं हेच रोज करत होते. टेबलं वाढवत नेली की सरशी शून्याकडे जाते, पण साइट प्रत्येक डावातून जो कट घेते, रेक, त्यातला हिस्सा बक्षीस म्हणून परत द्यायची. पोकरस्टार्सवर वर्षाला दहा लाख पॉइंट जमवले की 'सुपरनोव्हा एलिट' पद मिळायचं आणि लाखभर डॉलरच्या वर बक्षिसं. त्यामुळे ना जिंकणारे ना हरणारे लोक चोवीस टेबलांवर वर्षभर राबून मध्यमवर्गीय पगार कमवत होते. खेळ नव्हे, बीपीओची शिफ्ट. २०१४ मध्ये कंपनी ४.९ अब्ज डॉलरला विकली गेली, नव्या मालकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये हे पद गुंडाळायचं जाहीर केलं, आणि डिसेंबरमध्ये खेळाडूंनी चक्क संप केला! टेबलांवर बसायचं पण खेळायचं नाही. उपयोग झाला नाही. २०१९ मध्ये पोकरस्टार्सने रोख डावांच्या टेबलांची मर्यादा चोवीसवरून थेट चारवर आणली. कारण धंद्याचं होतं: चोवीस टेबलवाले नवशिक्यांना सोलून काढतात आणि नवशिके परत येत नाहीत.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं आणि लवकर संपलं. ऑक्टोबर २०२३ पासून साइटवर भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. म्हणजे शंभर रुपये भरले तर कायद्याच्या हिशेबाने त्यातले जवळजवळ बावीस कराचे. पाच टक्के सरशीवर जगणाऱ्या खेळात! बराच काळ कंपन्यांनी तो बोनसच्या रूपाने स्वतः सोसला. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांचे खेळच बंद करणारा कायदा केला, कौशल्याचा असो वा नशिबाचा. २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि काही दिवसांत देशी पोकर साइट्सनी आपापली टेबलं आवरली. पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर चालतं, पण तिथे पुन्हा बूड एक, खुर्ची एक, तासाला पंचवीस डाव. या गतीने बंड्याला आपण चांगले खेळतो का हे कळायला, मी हिशेब केला, रोज आठ तास बसून आणखी तेरा-चौदा वर्षं लागतील. आणि तेही मघाच्याच अधिक-उणे ०.९ पर्यंत.